दुःखातून शहाणपण येतं म्हणतात. कोणाला येतं, आणि कसं?

खाडीपलीकडची | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली.

आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहतो. कॅथलिक आहोत. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्याकडे दर शुक्रवारी कोणाच्या तरी घरी वाड्यावरची प्रार्थना असते. आधी तेर्स (जपमाळेची प्रार्थना), मग बायबलमधलं एक वाचन, मग कोणीतरी दहा मिनिटं बोलायचं आणि शेवटी चहा-बिस्किटं. यंदा फादरांनी मला बोलायला सांगितलंय. विषय दिलाय 'दुःखातून शहाणपण'. मलाच का दिला, हे वाडीत कोणी सांगायला नको. माझा मोठा भाऊ गेल्या पावसाळ्यात गेला. कुवेतहून सुट्टीवर आला होता, पहाटे छातीत दुखतंय म्हणाला आणि कुडाळला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मागे वहिनी, दोन मुलं आणि आई.

फादरांनी वाचनासाठी बायबलच्या 'उपदेशक' या पुस्तकातलं ७:३ (अध्याय ७, वचन ३) सुचवलंय. हसण्यापेक्षा दुःख बरं, कारण चेहरा उतरला तरी त्याने मन सुधारतं, अशा अर्थाचं. फादर मनाने चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ते वचन वाचलं की मला राग येतो. मयताच्या दिवसापासून ऐकतेय: देवाची मर्जी, देव आवडत्या माणसाचीच परीक्षा घेतो, यातून तू घडशील. मला घडायचंच नव्हतं. माझा भाऊ चालला असता मला, आहे तशीच राहिले असते.

तर जाणकारांना विचारायचंय. दुःखातून माणूस वाढतो, असं आपल्या धर्मात खरंच सांगितलंय का? की सांत्वनाला येणाऱ्यांनी तोंडी लावायला ठेवलेली ही वाक्यं आहेत? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, हरकत नाही. फक्त 'वेळ हेच औषध' हे नको, ते पोटभर झालंय.


वाघोलीकर | रविवार, रात्री ११:०५

ताई, आधी तुमच्या भावाला चिरशांती लाभो.

मी वसईचा. मास्तरकीतून निवृत्त झालो, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे, सांभाळून घ्या. वचन आलं की त्याच्या मागेपुढे काय आहे ते आधी बघावं, हे आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पोरांना सांगत आलो. तुम्हाला ७:३ दिलंय ना? मग ७:२ वाचा. मेजवानीच्या घरी जाण्यापेक्षा शोकाच्या घरी जाणं बरं, कारण सगळ्या माणसांचा शेवट तोच आहे आणि जिवंत माणूस ते मनाला लावून घेईल.

आता हे कोणाला सांगितलंय बघा. शोकाच्या घरी *जाणाऱ्याला*. ज्याच्या घरात मयत झालंय त्याला कुठे जायचं नसतं, तो तिथेच बसलेला असतो. शहाणपण शिकायचंय ते भेटायला येणाऱ्याने, चप्पल बाहेर काढून आत टेकताना. तुमच्या घरी आलेल्यांनी तुम्हाला धडा दिला. पुस्तक म्हणतंय की धडा त्यांनी घ्यायचा होता. हाच उपदेशक पुढे नवव्या अध्यायात आनंदाने भाकर खा आणि खुशाल मनाने द्राक्षारस पी असंही सांगतो. तेव्हा तो दुःखाचा भोक्ता होता असं समजू नका.

दुसरं एक वचन तुमच्यापर्यंत आलं नसेल तर येईल: करिंथकरांस दुसरं पत्र, ७:१०. देवाला अनुसरून असलेलं दुःख माणसाला पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. वचन मोठं आहे, पण ते मयताच्या घरचं नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला आधी एक कडक पत्र लिहिलं होतं. त्यांच्या हातून काही चुकलं होतं, पत्र वाचून त्यांना वाईट वाटलं आणि ते सुधारले. पौल त्या वाईट वाटण्याबद्दल बोलतोय. स्वतःच्या वागण्याची टोचणी लागली तर माणूस सुधारतो, एवढंच तिथे आहे. भाऊ गेल्याच्या दुःखात पश्चात्ताप कसला करायचा?

बाकी उद्या लिहितो. डोळे मिटायला लागलेत.


फणसाचे_गरे | सोमवार, सकाळी ७:२०

बाय गो, माका शास्त्रातला कळणा नाय. माझो घोव गेलो तेव्हाचा सांगतंय. वाडीतल्यो बायको इल्ल्यो, कोणी तोंडातून 'देवाची मर्जी' म्हटल्यान नाय. एक चुलीकडे बसली. एकीन ढोरांका वैरण घातल्यान. एक रोज सांजेक पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी घेवन येय आणि मी घास घेयसर हलत नसे. ती हिंदू, आमच्या शेजारची. तेर्साक पण बसली, येणा नाय तरी.

कोण काय बोललो ता माका आता आठवणा नाय. पेज कोणी आणल्यान ता आठवता.


तर्कट | सोमवार, दुपारी १:४०

चिपळूणहून. मी देव मानत नाही, पण ताईंनी बोलावलंय म्हणून लिहितो.

दुःखातून शहाणपण येतं, हे सांगणारे कोण असतात? जे तरले ते. जे मोडले ते प्रवचनाला उभे राहत नाहीत. मुलगा गेल्यावर दारूत बुडालेला बाप मी पाहिलाय, भाऊबंदकीच्या कोर्टकचेरीत आयुष्य गेल्यावर घरादारावर खेकसणारी म्हातारी पाहिली आहे. त्यांना दुःख कमी झालं होतं का? दुःख शिकवत असतं तर कोकणातल्या प्रत्येक वाडीत चार-दोन संत निघाले असते.

आणि समजा आला कोणाला शहाणपणा. मोडलेलं हाड नीट जुळतं म्हणून कोणी मुद्दाम हाड मोडून घेत नाही. एका बहिणीला धडा द्यायला देव तिचा भाऊ नेत असेल, तर असल्या मास्तरची शाळेत तक्रार करावी लागेल. (वाघोलीकर सर, हलके घ्या.)


वॉर्ड_नंबर_तीन | सोमवार, दुपारी ३:१५

तर्कटराव, हाड मोडून घेणारा एक माणूस होऊन गेलाय, आणि तो आमचा संत आहे! इग्नेशियस लोयोला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फुटला. हाड वेडंवाकडं जुळलं, तर गड्याने ते पुन्हा मोडून घेतलं, वर आलेला तुकडाही कापून घेतला. आणि ते देवासाठी वगैरे नव्हे हो, घट्ट बूट घातल्यावर पाय वाईट दिसू नये म्हणून. भुलीशिवाय. पुढे अंथरुणात पडल्या पडल्या कंटाळून तो धार्मिक पुस्तकं वाचत बसला आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

मी नर्स आहे, कणकवलीच्या बाजूला असते. ड्युटीवर आहे, रात्री लिहिते.


वाघोलीकर | सोमवार, रात्री ८:३०

तर्कट, हलकं घेत नाही, चांगलं जड घेतो. तुमचा प्रश्न बायबलमध्येच आहे.

योहान ९ मध्ये जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचं येतं. ते काय इतरांपेक्षा मोठे अपराधी होते का? येशूचं उत्तर, नाही. म्हणजे मेलेल्याच्या माथी कारण मारायचं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. तरी आपण मयताच्या ओट्यावर बसून तेच करतो.

आणि ईयोब. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गेलं. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. आख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. मग तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. तू काहीतरी केलं असशील, देव शिक्षा करून सुधारतो, मुकाट्याने मान्य कर. थोडक्यात, ताईंना जे ऐकवलं गेलं तेच, जरा काव्यात. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जन्मलो त्या दिवसाला शिव्या देतो, मला उत्तर पाहिजे म्हणतो. शेवटी देव कोणावर संतापतो? मित्रांवर! माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं ४२:७ मध्ये येतं. देवाची बाजू घेऊन बोलणारे देवालाच आवडले नाहीत.

राहिला तो जुळलेल्या हाडाचा मुद्दा. रोमकरांस पत्रात पौल एक साखळी देतो: संकटातून धीर, धीरातून शील, शिलातून आशा. वाचताना लोक त्यातली अट विसरतात. हे आपोआप होतं असं तो म्हणत नाही. त्याच वाक्यात पुढे पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे असं येतं. ओतणारा कोणी नसेल तर नुसत्या संकटाने माणूस आंबतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दारूत बुडालेल्या त्या बापाशेजारी कोणी बसलं होतं का, हा माझा उलट प्रश्न.


देवरुखची | सोमवार, रात्री ९:१०

छान चाललंय. मी वारकरी घरातली आहे. आमच्याकडे तुकोबांचंच उदाहरण देतात. दुष्काळात बायको आणि मुलगा गेला, दिवाळं निघालं, आणि बरं झालं देवा दिवाळं निघालं असं ते अभंगातच म्हणून गेले. पण हे ते *स्वतःबद्दल* म्हणाले हे आत्ता वाघोलीकरांचं वाचून डोक्यात आलं. शेजारच्या घरात जाऊन 'तुझं दिवाळं निघालं, बरं झालं' असं नाही म्हणाले कधी.

एक शंका. आमच्याकडे प्रारब्ध म्हटलं की निदान एक कारण हाताशी मिळतं. तुमच्यात तेही नाही. मग माणसाला काय धरून ठेवतं?


मांडवी_जेटी | सोमवार, रात्री १०:२५

देवरुखच्या ताई, तुकोबांचा आणि आमचा संबंध जुना आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक मूळचे कोकणातलेच, करजगावचे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत.

मी रत्नागिरीचा, प्रोटेस्टंट. मला इथे पंडिता रमाबाईंबद्दल लिहायचंय, कारण 'दुःखातून वाढ' म्हटलं की त्यांचं नाव फार सोपं करून घेतलं जातं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ-बहीण दोघंच उरली, पायी देश फिरली, तर १८८० मध्ये ढाक्यात भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. चोविशी उलटायच्या आत एवढं सगळं. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात.

पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. दुष्काळात मुलींचं काय होतं हे त्यांना कोणी अहवालात लिहून द्यायला नको होतं, उपाशी पोटाने झाडपाला खाऊन त्यांनी ते भोगलं होतं. करिंथकरांच्या त्याच दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे बघा: देव आमचं सांत्वन करतो ते अशासाठी की, त्याच सांत्वनाने आम्ही इतर दुःखितांचं सांत्वन करावं. माझ्या मते ख्रिस्ती धर्मात 'दुःखाने आलेलं शहाणपण' म्हणजे एवढंच. दुसऱ्याचं दुःख ओळखता येणं, आणि ओळखल्यावर उठून जाणं.

पण आईवडील गेले *म्हणून* मुक्ती सदन उभं राहिलं, देवाचा हा बेतच होता, असं बेरीज-वजाबाकीचं वाक्य मी तरी लिहिणार नाही. मनोरमा १९२१ मध्ये गेली, आईच्या आधी. पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या, बायबलच्या मराठी भाषांतराचं काम शेवटपर्यंत करत. मुलीच्या जाण्यातून त्या काय शिकल्या, हे विचारायची माझी हिंमत नाही.


खाडीपलीकडची | मंगळवार, सकाळी ११:००

सगळ्यांचं वाचलं. फणसाचे गरे मावशी, तुमचं वाचून रडले आणि मग चहा केला.

एक बोलायचं राहिलं होतं. माझं जाऊ दे, मी भांडू शकते. आईचं काय करू? ती आयुष्यभर रोज सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणारी बाई. आता जातेच, पण म्हणते, ओठ हलतात, आत काही नाही. तेर्सात 'नमो मरिया' म्हणताना अर्ध्यावर थांबते. आपला विश्वास गेला, आपण पापी झालो असं तिला वाटतं. एकदा म्हणाली, मिस्साला जायचंच सोडून देते, देवाला फसवल्यासारखं वाटतं. तिला दुःखातून शहाणपण वगैरे सांगायला माझी जीभ रेटत नाही.


वॉर्ड_नंबर_तीन | मंगळवार, रात्री ११:४५

काल लिहिते म्हटलं आणि दोन इमर्जन्सी आल्या. आता निवांत.

ताई, आईंना स्तोत्र ८८ वाचून दाखवा. स्तोत्रसंहितेतली तक्रारीची गाणी बहुतेक शेवटाला वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येतंच. ८८ वळत नाही. तू माझे सोबती, माझे जिवलग माझ्यापासून दूर केलेस, म्हणतं आणि अंधारात संपतं. कोणीतरी ते लिहिलं, कोणीतरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं, आणि आपल्या संन्यासी लोकांच्या रोजच्या प्रार्थनेत ते शुक्रवारी रात्री झोपण्याआधी येतं. म्हणजे आत काही नसताना काय म्हणायचं, याची सोय करून ठेवली आहे. येशूने क्रुसावर म्हटलं तेही त्यातलंच, स्तोत्र २२: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तो विश्वासाबाहेर गेला होता असं कोण म्हणेल?

मिस्सा सोडण्याबद्दल. त्याच पाय-मोडक्या इग्नेशियसचा एक नियम आहे. मन कोरडं पडलं, देव लांब गेल्यासारखं वाटलं, की त्या काळात आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही. सुगीच्या दिवसांत घेतलेला निर्णय दुष्काळात मोडू नये, असा त्याचा रोख. तेव्हा आईंनी जायचं. ओठ हलताहेत ना, तेवढं पुष्कळ. बाकीचं शेजारच्या बाकावरच्या बाया म्हणताहेत.

आता नर्स म्हणून. जेवण किती कमी झालंय? झोप लागते का? पहाटे दोन-तीनला उठून बसतात का? मी नको होते, मी का राहिले असं बोलतात का? असं असेल तर धागा बंद करा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. दुःख वेगळं आणि औषधाने बरा होणारा आजार वेगळा, आणि दोन्ही एका वेळी असू शकतात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने दुःखावर उपाय लिहून ठेवलेत: आवडेल असं काहीतरी करणं, रडणं, मित्रांची सोबत, सत्याचं चिंतन, आणि पाचवा चक्क झोप आणि स्नान! एवढा मोठा धर्मपंडित, पण गरम पाण्याच्या अंघोळीला कमी लेखत नाही. रात्रपाळीहून आल्यावर मला तो फार जवळचा वाटतो.


तर्कट | बुधवार, सकाळी ९:०५

अंघोळीवर माझं आणि चर्चचं एकमत झालं, नोंद घ्यावी.

वाघोलीकर सर, त्या बापाशेजारी कोणी बसलं होतं का, विचारलंत. नव्हतं. आमच्या आळीत तेव्हा कोणी तेवढं धरून बसणारं नव्हतं, आम्हीही नव्हतो. मुद्दा मान्य. पण मग हे माणसांचं काम झालं, देवाचं कशाला? आणि ईयोबाला शेवटी नवी मुलं देऊन हिशेब मिटवला, ते मला अजून खटकतं. सात मुलगे, तीन मुली, पावती फाडली.


वाघोलीकर | बुधवार, दुपारी ४:२०

खटकायलाच हवं, मलाही खटकतं. पण नीट वाचलंत तर पहिली मुलं विसरला असं त्यात कुठे नाही. गुरंढोरं दुप्पट मिळाली, मुलं मात्र तेवढीच, दहाची दहा. काही जुने भाष्यकार म्हणतात की ती दुप्पट झाली नाहीत कारण पहिली दहा देवाजवळ आहेतच. मला एवढं दिसतं की नंतरच्या मुलींना त्याने मुलग्यांबरोबर वारसा दिला, आणि नावंही फक्त मुलींचीच नोंदली आहेत. यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. सगळं गमावलेला बाप पूर्वीच्या रीतीने वागायचा थांबला. त्याला शहाणपण म्हणायचं तर म्हणा.

देव कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे सिद्धता नाही, माझी श्रद्धा आहे. बेथानीला लाजर मेला तेव्हा येशू मुद्दाम दोन दिवस उशिरा निघाला. मार्था तोंडावर म्हणाली, प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. (खाडीपलीकडच्या ताई, तुमचंच वाक्य आहे ते.) मरियाही तेच म्हणाली. आपण लाजरला उठवणार हे त्याला ठाऊक होतं. तरीही 'येशू रडला'. पुढे सगळं नीट होणार आहे, गप्प बस, असं तो त्या बहिणींना म्हणाला नाही. देवरुखच्या ताईंनी विचारलं होतं, माणसाला काय धरून ठेवतं? कारण नाही ठेवत. हा रडणारा माणूस धरून ठेवतो. इब्री पत्र तर म्हणतं की पुत्र असूनही जे सोसलं त्यातून तो आज्ञापालन शिकला. शिकणाऱ्यांच्या बाकावर तो पण आहे. आणि पुनरुत्थानानंतर थोमाला त्याने जे दाखवलं ते काय होतं? हाताचे आणि कुशीचे घाव. मरण जिंकलं तरी ते बुजले नव्हते. तेव्हा ताई, आता यातून बाहेर ये असं कोणी म्हणालं तर खुशाल योहान २० दाखवा.

जाता जाता, दुसरी बाजूही सांगायला हवी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी माणसाला गिळणारे आठ विचार नोंदवले, त्यात खादाडपणा आणि रागाच्या बरोबरीने खिन्नताही होती. त्यामुळे आपल्याकडे दुःखाची पूजा आहे असंही नाही. दुःख कुरवाळत बसणारे भाविक मी चर्चच्या पायरीवर भरपूर पाहिलेत.


फणसाचे_गरे | बुधवार, संध्याकाळी ६:५०

बाय, आवशीक सांग, मरियेक पण सगळा समजला नव्हता. सात दुःखांची मायची प्रार्थना आसा ना, सप्टेंबरच्या पंधरा तारखेक सण. म्हाताऱ्या शिमोनान तुझ्या काळजातसून तलवार जातली असा सांगल्यान तेव्हापासून झील थडग्यात ठेवीसर सात दुःखा. तेतूर खंयच ती बोलणा नाय. तीन दिवस झील गावलो नाय तेव्हा मात्र विचारल्यान, बाबा, असा कित्याक केलंस? ह्या पण तिनाच विचारल्यान.

माझ्याकडे ती प्रार्थना कागदार लिवलेली आसा. फोटो काढून धाडू?


खाडीपलीकडची | बुधवार, रात्री ९:३०

धाडा मावशी, आईला नक्की आवडेल. वॉर्ड नंबर तीन, झोपेचं तुम्ही विचारलंत ते सगळं खरं निघालं. उद्या सावंतवाडीला डॉक्टरांकडे नेतेय, वहिनी पण येतेय.

शुक्रवारचं असं ठरवलंय: उपदेशकातलं वचन ठेवते, पण ७:२ पासून वाचते, आणि आलेल्या मंडळींना सरळ सांगते की हे तुमच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. मग ईयोबाचे मित्र, मग बेथानी, मग रमाबाई, मग रोमकरांस पत्रातली साखळी, शेवटी स्तोत्र ८८ सगळ्यांनी मिळून. फादरांना आज दाखवलं. जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, बोल.


तर्कट | बुधवार, रात्री १०:०२

दहा मिनिटांत एवढं बसत नाही ताई. ईयोबाचे मित्र ठेवा, पौल कापा.


वाघोलीकर | बुधवार, रात्री १०:१०

पौल कापायला माझी सक्त हरकत आहे. चहा पाच मिनिटं उशिरा ठेवायला सांगा.